पेढे वाटून झाल्यावर

१९ मार्च, बुधवार

विनीतच्या ऑपरेशनची तारीख ठरली. एकोणतीस मे. बारावीची परीक्षा संपली आहे, कॉलेज उघडायला वेळ आहे, आणि आठ जूनला तो अठरा पूर्ण करतो. त्याच्या आत उरकलं तर कागदावर बापाची सही चालते, नंतर त्याची स्वतःची लागते. हे हितेंद्रने, म्हणजे माझ्या मुलाने, टीव्हीचा आवाज वाढवून मला सांगितलं. आमच्या घरात विनीतच्या तब्येतीविषयी बोलायचं झालं की आधी टीव्ही मोठा होतो. शेजाऱ्यांना वाटत असेल, घाड्यांकडे सगळे बहिरे आहेत.

"अप्पा, तुमचं काय म्हणणं?"

"करायचंच आहे तर करून टाका," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो. अडतीस वर्षं हिंदमात्याला साडीच्या दुकानात गादीवर बसलो. गिऱ्हाईक जिन्यावर दिसलं की ते काय घेणार हे मी आधी ओळखायचो, आणि "घरी विचारून येते" म्हणायला लागलं की त्याच्या आत साडी पिशवीत घालायचो. ताटकळत राहिलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे माझं शास्त्र. शेठ त्यावर खूश असायचे.

विनीत त्याच खोलीत खिडकीशी बसला होता. कानात ती बोंडं घातलेली, म्हणजे त्याने ऐकलं नसणार. गाणं मात्र काही ऐकू येत नव्हतं. एरवी येतं.

ही डायरी दुकानातूनच येते. शेठ गेले, पण त्यांचा मुलगा दरवर्षी न चुकता पाठवतो. आजवरच्या सगळ्या डायऱ्या आनंदीने पाककृती उतरवायला वापरल्या. ती जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासूनच्या कोऱ्या पडून आहेत. दुपारी घरात कोणी नसतं. ज्याच्याविषयी कोणाशी बोलता येत नाही ते निदान इथे लिहावं, म्हणून बसलो.

२२ मार्च

लिहायचंच आहे तर पहिल्यापासून लिहितो.

सतरा वर्षांपूर्वी आमची चाळ उभी होती. आता तिच्या जागी हा टॉवर आहे आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर, पण माणसं बरीचशी तीच. मेघना, माझी सून, बाळंतपणाला परळच्या एका हॉस्पिटलात होती. सिझर झालं. नर्स बाहेर आली, घाईत होती, "मुलगा झाला" म्हणाली आणि गेली. मीही गेलो. मला हितेंद्रची, आनंदीची, कोणाचीच वाट बघवेना. लालबागच्या नाक्यावरून पाच किलो पेढे घेतले आणि चौऱ्याऐंशी खोल्यांत स्वतः फिरून वाटले. आमच्यात तोंडाने सांगावं लागत नाही. पेढा आला म्हणजे मुलगा, बर्फी आली म्हणजे मुलगी. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळलं, कुशाबाला नातू झाला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून घेतलं. बाळाचं शरीर मुलाचं की मुलीचं हे वरून सांगता येत नाही, म्हणाल्या. नर्सने घाई केली. तपासण्या झाल्या. आत एका बाजूला मुलाचं होतं, दुसऱ्या बाजूला मुलीचं, आणि एक छोटी गर्भपिशवी. बाई म्हणाल्या, बाळ सुदृढ आहे. लघवीला अडचण नाही, जिवाला धोका नाही. अशी मुलं जन्माला येतात. वाढू द्या. मोठं होऊन ते स्वतः काय म्हणतंय ते कळू दे, मग काय ते ठरवू.

मोठं होऊन म्हणजे पंधरा-सोळा वर्षं! आणि चौऱ्याऐंशी खोल्यांत पेढे गेलेले.

"डॉक्टर, पेढे वाटून झालेत आमचे," मी म्हणालो. अगदी याच शब्दांत. जणू माल गेला, बिल फाटलं, आता काय बोलायचं.

आनंदी माझ्या बाजूला बसली होती. ती चारचौघांत कधी माझ्याविरुद्ध बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "जरा थांबा हो. पॉर मोठा झाला की तोच सांगात." मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

बाई तयार होईनात, तर दुसऱ्या ठिकाणचे सर्जन तयार झाले. विनीत वीस महिन्यांचा असताना ऑपरेशन झालं. बाहेरचं मुलासारखं केलं, आतलं मुलीचं होतं ते काढून टाकलं. फॉर्मवर सही हितेंद्रने केली. त्याच्याकडे पेनही नव्हतं. माझ्या खिशातलं मी दिलं. शेठनी पंचवीस वर्षं झाली म्हणून दिलेलं पेन ते. अजून खिशात असतं. हेसुद्धा त्यानेच लिहितोय.

विनीतला आम्ही सांगितलं, लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालं. चौदाव्या वर्षी इंजेक्शनं सुरू केली तेव्हा सांगितलं, हार्मोन कमी आहेत. मग छाती भरायला लागली. त्यावर काही सांगायचं आम्हाला सुचलं नाही. पोरगा मेच्या उन्हातसुद्धा दोन काळे टीशर्ट एकावर एक घालतो. आता ती छाती सपाट करायचं ऑपरेशन आहे.

२७ मार्च

विनीतबरोबर भाजी आणायला गेलो. पोरगं शांत आहे, आपलं आपण चालतं, पण पिशव्या दोन्ही स्वतः घेतं. येताना मध्येच म्हणाला, "आजोबा, मी झालो तेव्हा चाळीत काय केलेलं तुम्ही लोकांनी? काय वाटलेलंत?"

मी म्हणालो, "अरे, काय विचारतोस! तळमजल्याच्या पोरांनी ताशा बडवला होता." ताशा खरंच बडवला होता, पण तो गल्लीतली क्रिकेटची मॅच जिंकल्याचा. पेढ्यांचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर त्याने पुढचं विचारलं असतं. शिताफीने निसटलो म्हणायचं. मग तो घरापर्यंत काही बोलला नाही. दमला असेल.

६ एप्रिल, रामनवमी

शेजारचे अण्णा डबा घेऊन आले. त्यांच्या मुलीला मुलगी झाली. अण्णा म्हणजे चाळीपासूनचे माझे सोबती, आवाज असा की चौदाव्या मजल्यावरून खाली रस्त्यावर ऐकू जावा. "घ्या, बर्फी घ्या! लक्ष्मी आली!"

विनीतने एक तुकडा उचलला आणि म्हणाला, "अण्णा, समजा मुलगा की मुलगी ते कळलंच नसतं, तर काय आणलं असतं तुम्ही?"

"कळत नाही म्हणजे? असं कुठे असतं का रे?" अण्णा गदागदा हसले. "अहो कुशाबा, बघा तुमचा नातू काय विचारतो!"

विनीत अण्णांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मीही हसलो. अण्णांपेक्षा मोठ्याने हसलो, आणि लगेच बाळाचं वजन किती ते विचारलं. हा पोरगा हल्ली नको ते प्रश्न विचारतो. वय आहे.

१६ एप्रिल

जेवताना विनीत म्हणाला, "मला ऑपरेशन नकोय."

हितेंद्रचा हात आधी रिमोटकडे गेला. मग म्हणाला, "तुला कळतंय का? नवीन कॉलेज. पोरं चिडवतील."

"आताही चिडवतात. मला सवय आहे."

"मग? कायम असंच राहायचंय?"

"माहीत नाही पप्पा. तेच तर म्हणतोय. मला माहीत नाहीये मी काय आहे. कदाचित मुलगा, कदाचित नाही. कदाचित हे असंच. मला बघू तर द्या. इंजेक्शनपण थोडे महिने नको, संघमित्रा डॉक्टर म्हणाल्या त्यांच्या देखरेखीखाली थांबवता येतं. सगळं इतकं फास्ट कशाला?"

मेघना ताटात बोटं फिरवत होती. डॉक्टर संघमित्रांकडे तीच त्याला जानेवारीपासून नेते. हितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात वाद झाला की सगळे माझ्याकडे बघतात, आणि त्याची मला आजवर मौज वाटत आली.

"डॉक्टर सांगतील तसं करावं," मी म्हणालो.

"बघ, अप्पापण हेच म्हणतायत."

"आजोबा," विनीत म्हणाला, "खरंच तुम्हाला असं वाटतं?"

मी सोलकढी ओतून घेतली. वाटी भरली होती तरी ओतली, ताटात सांडली. भित्रा आहेस कुशाबा. साड्यांच्या ढिगावर बसून वाघ होतास, एवढंच.

१८ एप्रिल

विनीतची खोली झाडताना गादीखाली एक जुना तपकिरी लिफाफा दिसला, दोरी बांधलेला, कडा झिजलेल्या. कॉलेज प्रवेशाचे कागद असावेत. इतके जुने कसे कोण जाणे. होता तसा ठेवून दिला.

२४ एप्रिल

हितेंद्रला सुट्टी मिळाली नाही, मेघनाला बँकेत ऑडिट, म्हणून विनीतबरोबर दादरला डॉक्टर संघमित्रांकडे मी गेलो. चाळिशीच्या असतील. मला वाटलं होतं आल्या आल्या झापतील. त्यांनी पाणी दिलं.

मी विचारलं, ऑपरेशन पुढे ढकललं तर काही बिघडेल का. म्हणाल्या, काही बिघडणार नाही. वर्षातून एकदा तपासणी करू. छाती तशीच राहिली तर तिच्यापासून त्याला धोका नाही. पुढे त्याला हवं वाटलं तर तेव्हा करता येईल. "आजोबा, याला घाई नाहीये. खरं सांगायचं तर पहिल्यालाही नव्हती."

मला माहीत होतं. तरी एक विचारलं, विनीतला कळणार नाही अशा बेताने. "आणि ते... तेव्हा काढलं ते. आता विज्ञान एवढं पुढे गेलंय."

"नाही," त्या म्हणाल्या. "ते नाही मिळत परत."

आमच्या दुकानात गल्ल्यामागे पाटी होती, कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही. कितीदा बोट करून गिऱ्हाइकाला दाखवली असेल. मी तिथे बसून खिशातलं पेन उघड-बंद करत राहिलो.

"तेव्हा निर्णय कोणी घेतला होता?" डॉक्टरांनी विचारलं. चौकशीच्या सुरात, रागाने नाही.

विनीत माझ्या शेजारी होता. तो माझ्या हाताकडे, त्या पेनाकडे बघत होता. आता तोंड उघडलं असतं तर चार शब्दांचं काम होतं.

"घरच्यांनी," मी म्हणालो.

विनीतने खुर्ची मागे सारली आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

९ मे

आज मेघना दुपारी घरी होती, अंग मोडून आलं म्हणून. तिला चहा करून दिला. कप हातात घेतला आणि एकदम म्हणाली, "अप्पा, मला तेव्हा कोणी विचारलंच नाही हो."

अठरा वर्षांत ही पहिल्यांदा बोलली.

"टाके ओले होते माझे. मी कॉटवर पडून होते आणि बाहेर तुम्ही सगळे ठरवत होता. मग वीस महिन्यांनी म्हटलं, पोराला नेऊ नका, तर हितेंद्र म्हणाला अप्पांनी शब्द दिलाय डॉक्टरांना. मी का नाही आडवी पडले दारात? रोज विचारते स्वतःला." ती रडली नाही. "या वेळी मी पडेन. सांगून ठेवते. पण माझं ऐकतो कुठे तो. तो तुमचं ऐकतो."

मी म्हणालो, बघू. 'बघू' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी आयुष्यभर हिणवलं.

२० मे

हॉस्पिटलातून फोन आला, रक्त तपासायला सोमवारी या. विनीतने जेवण सोडलं आहे असं नाही, पण ताटातलं तसंच राहतं. मला काही विचारायचंही त्याने थांबवलं आहे. मला वाटलं होतं, विचारणं थांबलं की हायसं वाटेल.

२३ मे, शुक्रवार

बोललो.

हितेंद्र कामावरून आला, हातपाय धुऊन बसला. मी टीव्ही बंद केला. सगळ्यांनी मान वर केली, आमच्याकडे कोणी मेलं तरच टीव्ही बंद होतो.

म्हणालो, "हे ऑपरेशन होणार नाही. पहिलं मी करायला लावलं होतं. डॉक्टरीणबाई थांबा म्हणत होत्या, तुझी आई थांबा म्हणत होती, ही बाळंतीण आत पडली होती. मी थांबलो नाही, कारण मी चाळभर पेढे वाटून आलो होतो. लोकांना काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी काही नव्हतं रे. विनीत, तुझ्या पोटातलं काढलं ते माझ्या चारचौघांत मिरवण्यापायी काढलं. हितेंद्रने फक्त सही केली."

हितेंद्रने खांद्यावरचा टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाला, "अप्पा, आता? आता सांगताय?" आणि तोंडावर दोन्ही हात घेतले. माझा मुलगा पन्नाशीला आला, लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरून काम करतो, कशाला घाबरत नाही. त्याचे खांदे हलत होते. मला कळलं, ती सही तो अजून करतोच आहे.

विनीत उठून आत गेला. मला वाटलं दार लावून घेणार. तो तपकिरी लिफाफा घेऊन आला. दोरी सोडली, एक पिवळा कागद काढला. इंग्रजी. मला म्हणाला, "बसा आजोबा, वाचून दाखवतो," आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेला. बाळ सुदृढ. तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज नाही. मूल मोठं होईपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला. मग खाली, त्या बाईंच्या हातचं: "आजोबा थांबायला तयार नाहीत. म्हणतात, पेढे वाटून झाले आहेत. आजी विचारते, मुलाला स्वतःला ठरवू देता येईल का."

आनंदीचं बोलणं कागदावर होतं. मी डोळ्यांनी गप्प केलं ते त्या बाईंनी लिहून ठेवलं होतं.

"जानेवारीत मम्मीने आणि मी हॉस्पिटलातून जुनी फाईल मागून आणली," विनीत म्हणाला. "तेव्हापासून माहितेय मला. म्हटलं, आजोबा सांगतील. मी विचारलंपण तुम्हाला. किती वेळा विचारलं."

"माझ्या लक्षात आलं नाही रे."

"हां," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२४ मे

सकाळी हितेंद्रने फोन करून तारीख रद्द केली. बोलताना आवाज हळू करायला विसरला.

मी ही डायरी पहिल्या पानापासून वाचली. भाजीचा दिवस, बर्फीचा दिवस, सोलकढी, डॉक्टरांची खुर्ची. पोरगा दार उघडून उभा होता आणि मी प्रत्येक वेळी नीट लिहून ठेवलं आहे की मी कसा निसटलो. काय माणूस आहेस कुशाबा! गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखतो म्हणून मिरवायचास.

८ जून, रविवार

विनीत अठरा वर्षांचा झाला. डॉक्टर संघमित्रांनी मुद्दाम रविवारी सकाळी वेळ दिली. या वेळी चौघेही गेलो. एका कागदावर त्याची सही हवी होती: इंजेक्शनं सहा महिने थांबवायची, दर दोन महिन्यांनी तपासणी, कुठलीही शस्त्रक्रिया त्याने स्वतः मागितल्याशिवाय नाही.

त्याने खिसे चाचपले. पेन नव्हतं. माझा हात सवयीने खिशाकडे गेला आणि मी पेन पुढे केलं. त्याने ते पाहिलं. मला पाहिलं. मग वाकून डॉक्टरांच्या टेबलावरचं साधं बॉलपेन घेतलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. मी माझं परत खिशात ठेवलं. बरोबर केलं त्याने.

येताना नाक्यावर उतरून चाललो. हितेंद्र आणि मेघना पुढे होते. रस्ता ओलांडताना विनीतने माझा दंड धरला, गाड्यांकडे बघत, माझ्याकडे न बघता. माफ केलं असं तो म्हणालेला नाही. मी विचारलेलंही नाही, विचारायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. पण दंड नीट धरला होता.

पलीकडे मिठाईचं दुकान आहे. तेच. वाढदिवस म्हटल्यावर माझे पाय आपोआप पायरीकडे वळले. एक पाय वर ठेवलासुद्धा.

"आजोबा, थांबा," विनीत म्हणाला. "इतक्यात नको काही."

मी पायरीवरचा पाय खाली घेतला आणि त्याच्या बाजूला उभा राहिलो. दुकानदार ओळखीचा, आतून हात करून बोलावत होता. मी मान हलवून नाही म्हणालो. आनंदीने सांगितलं तेव्हा एवढंच करायचं होतं.